नव्या घराच्या नोंदी: दसरा ते चतुर्थी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

घर पाडायचं ठरलं. ठरलं म्हणजे काल सोनं वाटून झाल्यावर बाबांनी एकदाचं हो म्हटलं. बाकी सगळ्यांचं केव्हाच ठरलं होतं. गेल्या महिन्यात चतुर्थीला गणपतीच्या एका बाजूला पितळी टोप आणि दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची बादली ठेवून आरती झाली. टाळांच्या मध्ये टपटप ऐकू येत होती. आढं मधोमध खचलंय, दोन वाशांना उधई लागलीय आणि मागची मातीची भिंत दर पावसाळ्यात थोडीथोडी परसात उतरते.

बाबांची अट एकच. "पुढच्या चतुर्थेक गणपती नव्या घरात बसाक होयो. नायतर घर मोडूचा नाय."

पुढची चतुर्थी २७ ऑगस्ट २०२५. ऐकायला साडेदहा महिने, पण कुडाळ तालुक्यात जून ते सप्टेंबर बांधकामाच्या हिशेबात धरता येत नाहीत. म्हणजे जे काय उघड्यावरचं काम आहे ते मेअखेर. मी डोंबिवलीत, महिन्यातून दोन शनिवार-रविवार येणार. रोजची देखरेख चुलतभाऊ करणार. त्याला सगळे भाऊच म्हणतात, मीही.

नकाशा साडेनऊशे चौरस फुटांचा. माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर यांवर स्लॅब आणि पुढच्या पडवीला कौलं. सगळं घर कौलारू हवं असं माझं म्हणणं होतं. भाऊने विचारलं, "दरवर्षी कौलां परतूक तू येतलंस?" वानरं उड्या मारून कौलं फोडतात आणि ती परतणारी (उतरवून पुन्हा रचणारी) माणसं आता वाडीत दोन उरलीत, दोघंही साठीपुढची. मी गप्प बसलो.

९ नोव्हेंबर, शनिवार

सातबाऱ्यावर अकरा नावं. त्यातली चार माणसं हयात नाहीत, एक बडोद्यात आहे, आणि एका आत्याचं नाव तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. संमतीपत्रासाठी लालबाग, विरार, पनवेल असं फिरून झालं. कुणी नाही म्हटलं नाही, पण प्रत्येकाने चहा आणि जुन्या भांडणाचा एकेक किस्सा पाजला. ग्रामपंचायतीत कागद दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

मतदान झालं, माणसं मोकळी झाली, आणि गुरुवारपासून घर उतरवायला घेतलं. इथे "पाडलं" म्हणत नाहीत, "उतरवलं" म्हणतात, आणि काम तसंच चालतं: आधी कौलं, मग रिपा, मग वासे, शेवटी भिंती. एकवीसशे कौलं निघाली, त्यातली साडेतेराशे धड. काहींच्या पाठीवर मंगळुरूच्या कारखान्याचा छाप अजून वाचता येतो. बेसल मिशनने तिथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर हे कौल किनाऱ्याने वर चढत आलं आणि नाव मंगलोरीच राहिलं. पडवीला साडेचारशे पुरतील. बाकीची मांगराला (सामान ठेवायच्या खोपटाला).

फणसाचे चार खांब ठणठणीत. ऐनाचे वासे अर्धे गेले.

सगळं उतरवायच्या आधी बाबा माजघरात स्टुलावर चढले होते. ७६ वय, कुणाचं ऐकत नाहीत. माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट) ज्या चार ठिकाणी बांधायचे तिथून सुतळी फिरवून त्यांनी प्रत्येक कोपऱ्याला गाठ मारली. सुतळी गुंडाळून काकीकडे दिली. मी म्हटलं, टेपने घेतलं असतं की. ते काही बोलले नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा" म्हणत गुरवांनी रवळनाथापासून वाडीच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना हाक मारली. मी "व्हय म्हाराजा" म्हणायला दोनदा उशीर केला.

मग पाया. तीन कोपऱ्यांत अडीच-तीन फुटांवर कातळ लागला, पहार टणकन वाजली. चौथ्या, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पहार वाजेचना. चार फूट गेलो, काळी भुसभुशीत माती. बाबांना मग आठवलं, आजोबांच्या वेळी इथे गायरी होती. पन्नास-साठ वर्षांचं शेणखत!

मेस्त्री म्हणाले, चालेल, दगड भरून वर काँक्रीटचा बेल्ट टाकू. इथे मात्र मी आडवा आलो. सगळं घर मऊ मातीवर असतं तर एकसारखं तरी बसलं असतं. तीन कोपरे कातळावर आणि एक खतावर असला की तोच खाली जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेग जाते. वाडीतच दोन घरांना तशी आहे, बोट घालून बघता येते. शेवटी साडेसहा फुटांवर कातळ लागला. साडेचारशे चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) जास्तीचे लागणार आणि पाच दिवस जाणार. हे पैसे जमिनीखाली गेले म्हणून भाऊ हळहळतोय. माझ्या मते सगळ्या घरात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे हेच.

२९ डिसेंबर, रविवार

चिरे आले. एका गाडीत अडीचशे, पोच ३८ रुपयांना एक. माप चौदा बाय नऊ बाय सात इंच, वजन तीसएक किलो. शंभर चौरस फूट भिंतीला सांध्यांसकट १३२ बसतात, फूटतूट धरून १४० मागवायचे. खाणीत आता सगळं कटर मशीनवर निघतं, त्यामुळे कडा सरळ येतात आणि तासणारे कारागीर बेकार झालेत.

मेस्त्रींनी पहिल्या गाडीतले एकवीस चिरे बाजूला काढले. कसं ओळखता विचारलं, तर हातोडीने दोन चिरे वाजवून दाखवले. एक खणखणीत, दुसरा बद्द. बद्द चिऱ्यात पांढऱ्या मातीचे कप्पे असतात, पावसात ती माती धुऊन जाते आणि भोकं उरतात. ताजा चिरा मऊ असतो, हवा लागून कडक होतो, म्हणून लगेच न चढवता महिनाभर रचून ठेवायचा. फ्रान्सिस बुकानन या साहेबाने केरळात अंगाडीपुरमला हेच पाहिलं आणि १८०७ मध्ये पुस्तकात छापलं. लोक जमिनीतून मऊ दगड विटांसारखा कापून काढतात आणि तो नंतर टणक होतो. विटेला लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणतात, त्यावरून त्याने 'लॅटराइट' नाव ठेवलं. आमच्या मेस्त्रींचं शास्त्र त्याहून आखूड आहे: "चिऱ्याक वारो लागाक होयो."

१९ जानेवारी २०२५, रविवार

जोतं झालं. आत तांबडी माती आणि चिऱ्याचा चुरा सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकला. उधईचं औषध मारलं. खर्चाचा आकडा बघितल्यावर वही मिटली.

२ फेब्रुवारी, रविवार

मुख्य दाराची चौकट उभी केली. जुन्या फणसाच्या खांबातून कापली. हळदकुंकू, नारळ, पाच सवाष्णी. उंबरठ्याखाली ही काहीतरी ठेवत होती, काय ते मला सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल आंगणेवाडीची जत्रा. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे कामाच्या तक्त्यात ती आधी मांडताच येत नाही. आम्ही घराला कौल शोधत होतो, देवीने जत्रेला दिला आणि चार दिवस काम बंद! मार्चात शिमगा आहे, तेव्हा विजापूरचे मजूर गावी जातील. भिंती खिडक्यांच्या उंचीला आल्यात.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी परांचीवर उभारली. दुसरीकडे उंच जागाच नाही.

शिमग्याला गेलेले मजूर अकरा दिवसांनी आले, आठातले पाचच. शिवाय एक चूक निघाली. उत्तरेच्या खोलीची खिडकी नकाशापेक्षा सात इंच वर, म्हणजे बरोबर एक चिरा. मेस्त्रींनी थर मोजताना जोत्याचा थर धरला होता. उतरवून पुन्हा बांधली. सगळं मिळून तीन आठवडे मागे आहोत. स्लॅब १५ एप्रिलला धरला होता, आता मे उजाडणार. भाऊ म्हणतो पाऊस सात जूनला, भरपूर वेळ आहे.

२० एप्रिल, रविवार

सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्यांचा साचा) लागलं, सळई बांधतायत. सळई वजनावर विकत मिळते, पण मोजली जाते नगावर, आणि गोम तिथेच असते. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं किलोमधलं वजन. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो, बारा मीटरचा नग साडेदहा किलोच्या थोडा वर. पहिल्या दुकानदाराच्या मालात दहा नगांमागे सहा किलो कमी भरले. "कंपनीचाच माल तसा" असं उत्तर मिळालं. माल परत, दुकान बदललं.

वाळूही खाडीची घेतली नाही. स्वस्त पडते, पण नीट धुतली नाही तर मीठ सळईला खातं. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घेतली.

सळईखाली मेस्त्री खडीचे तुकडे सरकवत होते. वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई फळीवर टेकू न देणारे ठोकळे) आणून दिले तेव्हा "ह्या मुंबैवाल्याचा काय ता" असं काहीतरी ऐकू आलं. ते मी ऐकलं नाही असं ठरवलं.

५ मे, सोमवार

स्लॅब काल झाला. अंग दुखतंय, पण आजच लिहायला हवं.

सकाळी आठला मिक्सर सुरू. एका गोणीला दीड माप वाळू, तीन मापं खडी. पाण्यासाठी मी मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलो. पन्नास किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटरपेक्षा जास्त पाणी नाही. बादलीला आतून रंगाने रेघ मारून आणली होती. मजुरांना माल पातळ हवा असतो, तो पळतो, ढकलावा लागत नाही. पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. तासाभरात मी सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालो. चालेल.

अकरा वाजता मागचं स्वयंपाकघर भरत होतं. बाबा फणसाखाली खुर्चीत होते. कुणाला तरी हाक मारावी तसे म्हणाले, "माटवी खयसर बांधतलंस?"

मी वर बघितलं, मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. पंख्यांचे डबे होते, दिव्यांचे पाइप होते, नळाचं भोक होतं. माजघरात माटवीसाठी हूक एकही नव्हता! सात महिने वहीत सळईचं वजन काढणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या घरात कधी विचार करावा लागला नाही, भाल (आडवी तुळई) म्हणजे भाल, दोरी टाकली की झालं. स्लॅबला दोरी कशाला टाकणार?

भाऊ काकीकडे पळाला. सुतळी ट्रंकेत होती. तोवर मेस्त्रींनी बारा मिलिमीटरच्या सळईचे चार तुकडे वाकवले. बाबांना परांचीवर चढू दिलं नाही, म्हणून ते खालून सांगत होते आणि मी वर गुडघ्यांवर बसून सुतळी ताणत होतो. गाठीत गाठ, उत्तरेला तोंड, भिंतीपासून दीड हात. फळीला भोकं पाडून हुकांची टोकं खाली काढली आणि वरून जाळीला तारेने बांधली. माल तोवर सहा फुटांवर आला होता.

सव्वाबाराला मिक्सरचा पट्टा तुटला. कुडाळहून नवा येईपर्यंत पावणेदोन तास गेले. मे महिन्यातली दुपार. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या बोळावर माल थांबला होता तिथे कड सुकायला लागली. गोणपाट ओले करून टाकले, सुरू करताना कड खरवडून सिमेंटचं पाणी ओतलं. जमेल तेवढं केलं.

१०७ गोण्या गेल्या. रात्री नऊला हॅलोजनच्या उजेडात शेवटचं घमेलं पडलं. सगळ्यांना कोंबडी-वडे. मला घास उतरला नाही, मी झोपलो.

१४ मे, बुधवार (डोंबिवलीहून)

स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून वाफे केलेत, त्यात पाणी उभं. विहिरीला सकाळी चार फूट पाणी असतं, पंप अर्धा तास चालतो, मग फुसफुसतो. आतापर्यंत टँकर तीन. प्यायला पाणी जपून आणि स्लॅबला भरपूर, हे काकीला पटत नाही. मलाही तिला समजावताना लाज वाटते.

२५ मे, रविवार (डोंबिवलीहून)

पाऊस काल केरळात आला आणि आज देवगडपर्यंत. केरळातच तो एरवी १ जूनला येतो. आमच्याकडे तर मंगळवार-बुधवारपासूनच धरून आहे, किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र होतं त्याचा. भाऊचा फोन दर दोन तासांनी येतोय, आणि प्रत्येक वेळी पलीकडून पावसाचाच आवाज जास्त.

काय काय भिजलं त्याची यादी: मांगरातल्या बारा गोण्या सिमेंट (दगड झाल्या), पडवीचे वासे आणि रिपा (कौलं चढायची होती), बाहेरच्या सगळ्या भिंती. चिऱ्याला गिलावा नाही, दर्जाही (चिऱ्यांमधले सांधे) भरलेल्या नाहीत. मेस्त्रींनी भाऊला सांगितलं, "चिरो पाणी पियता, आता पिंवदे." खरंच पितो. भिंत आतल्या बाजूने काळपट दिसतेय म्हणे.

टेकू ठरल्याप्रमाणे १८ तारखेनंतर काढायचे होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस पुरतात, पण आमचं माजघर पंधरा फूट, म्हणजे ४.५७ मीटर, सात सेंटिमीटरने चौदा दिवसांच्या खात्यात गेलं. आता पावसात कुणी यायला तयार नाही, तर उभे राहू देत. स्लॅबला पाणी मारायची चिंता मात्र मिटली. तीन टँकरचे पैसे आठवून मी आणि ही उगाच हसलो.

बाबांशी बोललो. म्हटलं, सात तारखेचा हिशेब चुकला. ते म्हणाले, "पाऊस काय तुका विचारून येतलो?"

१ जून, रविवार

रजा टाकून आलो. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन-दोन तास उघडीप मिळाली, तेवढ्यात भाऊ, वाडीतली सहा पोरं आणि ते साठीपुढचे दोघे मिळून पडवीची कौलं चढवली. दोघांतल्या धाकट्याने मला कौल कसं धरायचं ते तिसऱ्यांदा शिकवलं. आज टेकू काढले. स्लॅब सरळ आहे, वाकलेला नाही. खालून चार हूक लोंबतायत. तीन सरळ, चौथा वीतभर दक्षिणेला. व्हायब्रेटर फिरवताना कुणाचा तरी पाय लागला असणार.

१५ जून, रविवार

बोळात गळतं. नेमकं तिथेच, जिथे मिक्सर थांबला होता. सुकलेल्या कडेला नवा माल चिकटतो पण एकजीव होत नाही, मधून केसाएवढी फट राहते, आणि कोकणातल्या पावसाला तेवढी पुरते. वरून खाच करून वॉटरप्रूफिंगचं मिश्रण भरलं, वर ताडपत्री. पक्का इलाज स्लॅबवर पत्र्याची शेड. गावात प्रत्येक स्लॅबवर शेड का असते याचं मला गेल्या वर्षी हसू यायचं.

२० जुलै, रविवार

आतला गिलावा वाळत नाही. दोन खोल्यांना बुरशी. वायरिंग झालं. मीटर अजून नाही, भाऊच्या घरातून वायर ओढलीय. फरशी आता बसवली तर खालचा ओलावा अडकेल, म्हणून दिवाळीनंतर. चतुर्थीपुरता कोबा.

२४ ऑगस्ट, रविवार

भटजींनी उदकशांत केली. वास्तुशांत घर पुरं झाल्यावर. बाबा कालपासून नव्या घरात झोपतात. खाली सतरंजी आणि बाजूला एक बादली, गळत नसली तरी.

२७ ऑगस्ट, बुधवार, चतुर्थी

पहाटे रानातून टाळ (माटवीला बांधायची रानफळं-फुलं) आणले: कवंडळं, हरणं, कांगलं, तेरडा, ऐनाची फळं. नारळ आणि सुपारीचा शिपटा परसातला. माटवीची जुनी चौकट सुतळीच्या मापाला बरोबर होती, पण चौथ्या हुकामुळे एक कोपरा ओढला जाऊन सगळीच तिरकी लटकली. मी ड्रिल मशीन मागवायच्या बेतात होतो. बाबांनी चौथ्या कोपऱ्याची दोरी हातभर लांब सोडली, तिला मधोमध दुसरी दोरी बांधून खिडकीच्या गजाला ताण दिला. माटवी सरळ. "जुन्या घरातय असाच बांधलेला, तुका दिसला नाय इतकाच."

गणपती साडेअकराला बसला. चुलत, मावस, आते, सगळे मिळून एकोणचाळीस माणसं जेवली. भिंतींना रंग नाही, चिऱ्यांच्या दर्जांतून अजून ओल येतेय, आणि आरतीच्या वेळी मीटर नसलेल्या घरातली वायर गरम झाली म्हणून भाऊने मध्येच दोन दिवे बंद केले.

४ सप्टेंबर, गुरुवार

मंगळवारी गौरीबरोबर विसर्जन झालं. काल माटवी उतरवली. हूक तसेच आहेत. ही म्हणते एकाला पाळणा टांगू, बाबा नको म्हणतात.

राहिलेलं: दर्जा भरणं, बाहेरचा गिलावा फक्त पश्चिमेला (पाऊस तिथूनच मारतो), फरशी, मीटर, न्हाणीघराचा दरवाजा, शेड. शेडचं माप घ्यायला शनिवारी माणूस येणार आहे. त्याला भाऊने सांगून ठेवलंय, येताना टेप आण. बाबांनी सुतळी काकीकडून परत मागवून घेतलीय.